देवा, तो तुरुंगातच असू दे

रविवार, १० ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली ती रोज सकाळी रक्तदाब लिहायला. आज मोजला नाही. कुठे पोचला असेल ते मशीन न लावताही कळतंय.

वारो शुक्रवारी संध्याकाळपासून घरी नाही. एकतीस वर्षांचा घोडा आहे, मान्य. लोकांचे एसी दुरुस्त करतो आणि ऑगस्टच्या या भट्टीत त्याला जेवायलाही सवड नसते. पण तो झोपायला घरी येतो, आणि यायचा नसेल तर फोन करतो. फोन नाही केला तर त्याची आई काय तमाशा करते ते त्याने पाहिलंय.

शुक्रवारी त्याची दाढ सुजून गाल टम्म झाला होता. म्हणाला, "काम लवकर संपलं तर पूल ओलांडून दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो, आई." आम्ही सगळेच दात, चष्मे नि औषधं यांच्यासाठी नदीपलीकडे, मेक्सिकोत जातो. मीही त्याला जा म्हटलं. नको म्हणायला हवं होतं का? पलीकडे हल्ली माणसं हरवतात. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याचा जावई गेल्या वर्षी टायर आणायला गेला. गाडी सापडली, टायर सापडले.

शेजारची टेंचा बार्बाकोआचं वाफवलेलं मांस आणि गरम तोर्तिया घेऊन आली. ती वारोची धर्माची आई. दोन नवरे पुरून बसलेली, म्हणून कशालाच घाबरत नाही.

"कुठल्यातरी पोरीकडे पडला असेल गं," ती म्हणाली. "गाल सुजलेलाही चालतो म्हणे काहींना."

मी हसले नाही. तिनेही मग मांसाला हात लावला नाही.

ती गेल्यावर मी सान अंतोनिओची मूर्ती उलटी करून ठेवली, डोकं खाली. हरवलेलं माणूस सापडेपर्यंत सरळ करायची नाही. आणि मागितलं. आजवर कुठल्या आईने असं मागितलं नसेल: देवा, माझ्या पोराने काहीतरी गुन्हा केलेला असू दे. नदीच्या अलीकडच्या पोलिसांनी त्याला धरलेला असू दे. तो तुरुंगातच असू दे.

सोमवार, ११ ऑगस्ट

टेंचाने फोनवर तुरुंगाची यादी दाखवली. कुणीही उघडावी, कुणीही बघावी. काल-परवा आत घेतलेल्या माणसांची नावं, फोटो, कशासाठी पकडलं, सगळं. निम्मं गाव म्हणे सकाळच्या कॉफीबरोबर ही यादी वाचतं, आणि मला पत्ताच नाही. मी बापडी अजून मृतांच्या जाहिराती वाचते.

"हा बघ बेकरीवाल्याचा धाकटा," टेंचा बोट फिरवत म्हणाली. "आणि ही कोण? अगं बाई, चर्चच्या गायनातली! आवाज बारीक, करणी जाड."

"वारो बघ."

"बघतेय ना. माझा पहिला नवरा सोडून सगळे आहेत यात."

वारो नव्हता. आम्ही आडनावाने शोधलं, माझ्या माहेरच्या आडनावाने शोधलं, नुसत्या नावाने शोधलं. मग मी एकेक चेहरा पाहिला. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, एक तर रडत होता. एरवी मला दया आली असती. आज मला त्यांचा राग आला, की हे सगळे इथे आहेत आणि त्यांच्या आयांना ते ठाऊक आहे.

शाळेच्या गणवेशांची शिलाई तशीच पडलीय. एका पोरीचा पंधराव्या वाढदिवसाचा झगा कंबरेत उसवून ठेवलाय, तिची आई दोनदा येऊन गेली. मी दार उघडलं नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

रक्तदाब मोजला. लिहिणार नाही, डॉक्टरीणबाई आरडाओरडा करतील.

दिवस फोनवर गेला. शहर पोलिसांची कोठडी वेगळी, जिल्ह्याचा तुरुंग वेगळा, आणि दोघांनाही एकमेकांचं तोंड बघायचं नसावं. शहरवाले म्हणाले तुरुंगात विचारा. तुरुंगाच्या फोनवर बाई नाही, बाईचा साठवलेला आवाज. स्पॅनिशसाठी दोन दाबा. दाबलं, तर इंग्रजीतच गाणं लागलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. हॉस्पिटलला विचारलं, त्यांनी नाव लिहून घेतलं आणि असा कुणी नाही म्हणून सांगितलं.

मग टेंचाला आणखी एक यादी सापडली, देशभरातल्या सगळ्या अटका सांगणारी. तिने आमच्या वारोच्या नावाचा एक माणूस दाखवला, दूर उत्तरेत कुठेतरी, सत्तरीचा, बकरीचोर. आम्ही दोघी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो.

"याला घ्यायचा का?" टेंचाने विचारलं.

तेव्हा मात्र मला हसू आलं, आणि हसताहसता जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. टेंचाने माझं डोकं पोटाशी धरलं. तिच्या झग्याला कांद्याचा वास होता. मी देव पाण्यात घालून बसलेय आणि देव तर पोहायला निघून गेलेत.

बुधवार, १३ ऑगस्ट

सापडला! सापडला, सापडला.

म्हणजे बहुतेक सापडला. सकाळी मी सरळ तुरुंगावरच गेले. तिथे नोंदींची खिडकी आहे, जाड काच आणि खाली कागद सरकवायला फट. आत सेन्योरिता त्रेविन्यो नावाची गोल चेहऱ्याची बाई बसते. आमच्यातलीच, मला मानाने डोन्या म्हणते, बोलताना मध्येच इंग्रजीत घसरते. मी सगळं एका दमात सांगितलं. दाढेचंही सांगितलं.

दाढ म्हटल्यावर तिने मान वर केली.

"डोन्या लाला," ती म्हणाली, "आज पहाटे हॉस्पिटलमधून एकाला आणलंय. शुक्रवारी रस्त्यावर झोकांड्या देत होता, दारू प्यायलाय समजून पोलिसांनी धरला, त्याने ढकललं. नंतर कळलं, अंगात ताप होता. जबड्याला चीर दिलीय, पट्टी आहे, धड बोलता येत नाही. पाकीट नाही. एवारिस्तो एवढं कळलं."

"तोच! माझाच वारो! बघू द्या मला!"

"ओळख पटल्याशिवाय यादीत नाव चढत नाही, आणि यादीत नसेल तर भेट नाही. काहीतरी आणा. त्याचं नाव आणि तुमचं नाव, दोन्ही असलेलं."

मी काचेवर हात ठेवला. तिनेही पलीकडून तिथेच ठेवला. चांगली बाई आहे. तिच्यासाठी एक मेणबत्ती लावीन.

म्हणजे तो पलीकडे गेलाच नव्हता. चार दिवस तो इथून दोन चर्चं सोडून, हॉस्पिटलात पलंगाला बांधलेला होता, आणि मी त्याला नदीत शोधत होते. हॉस्पिटलवाल्यांना कैद्याचं नाव सांगायची बंदी असते म्हणे. असो. सान अंतोनिओला सरळ केलं, पुसलं, माफी मागितली.

आता कागद. वारोचा जन्म याच घरात, मधल्या खोलीत, सुईणबाई चेपाच्या हातावर झाला. तिने नदीच्या अलीकडे, इथेच नोंद केली. तो दाखला म्हणजे एक फिकट चिटोरा, आणि तोही वारोने वसंतात पासपोर्टसाठी नेला तो अजून त्याच्या ट्रकमध्येच आहे. पासपोर्टवाल्यांना सुईणींच्या दाखल्यांवर भरवसा नसतो, ते आणखी पुरावे मागत होते. ट्रक पोलिसांनी उचलून नेलाय.

पण दुसरा दाखला माझ्या कपाटात आहे. वारो महिन्याचा झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, पोराला पलीकडेही नोंदवू या, म्हणजे तिकडच्या शाळेत जाईल, माझ्या घरात त्याला वाटा मिळेल. आमच्या गल्लीत निम्म्या पोरांच्या अशा दोन दोन नोंदी आहेत, टेंचाच्या तिघांच्यासुद्धा. दोन्हीकडे आजी असते, मग दोन्हीकडे जन्म नको? आणि काय राजेशाही कागद आहे तो! वर गरुड, खाली शिक्के, चारही आजी-आजोबांची नावं, माझं पूर्ण नाव, बाळाच्या अंगठ्याचा ठसा. हा पाहिल्यावर कुणाची शंका घ्यायची छाती होईल? इस्त्री फिरवून ठेवलाय.

गुरुवार, १४ ऑगस्ट

दिला.

त्रेविन्यो बाईंनी कागद उघडला आणि वाचत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "डोन्या लाला, दुसरं काही नाही का? शाळेचं? बाप्तिस्म्याचं?"

"याला काय झालंय? यावर सगळं आहे."

"सगळं आहे, तेच म्हणतेय." त्यांनी मागे वळून साहेबांच्या टेबलाकडे पाहिलं. "घरी जाऊन शांतपणे बघा. उद्या या. घाई नाही."

घाई नाही! हिच्या पोराचा जबडा चिरला असता म्हणजे कळलं असतं. मला वाटलं आता ही नियम काढणार आणि मला सोमवारपर्यंत लटकवणार. मी आवाज चढवला. "म्हणजे मी त्याची आई नाही? हा ठसा माझ्या पोराचा नाही? बोलवा तुमच्या साहेबांना!"

रांगेतले लोक बघायला लागले. साहेब खरोखरच उठून आले, कागद हातात घेतला, इंग्रजीत काही पुटपुटले आणि प्रत काढायला लावली. त्रेविन्यो बाईंचा चेहरा एकदम उतरला. सकाळपासून बसून असतात बिचाऱ्या, पाठ दुखत असेल. मूळ कागद मला परत देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुपारी यादीत नाव चढलं. फोटोत वारोचा अर्धा चेहरा पट्टीत आहे, डोळे मात्र त्याच्या बापाचे. मी फोनचं चुंबन घेतलं. टेंचाने चष्मा लावून बाकीचं वाचलं. दारू पिऊन सार्वजनिक जागी, पोलिसाला विरोध, उंची, वजन. मग ती थांबली.

"लाला, इथे जन्मस्थान मेक्सिको लिहिलंय."

"मग? कागदावर जे आहे ते लिहिलं त्यांनी. चूक असेल तर करतील दुरुस्त."

"आणि खाली आणखी एक ओळ आहे. दुसऱ्या खात्यासाठी रोखून ठेवावे."

"कुठलं खातं? वाहतुकीचं असेल. त्याचं लायसन मुदत संपलेलं होतं."

टेंचाने चष्मा काढला. कॉफी अर्धी टाकून उठली. तिला गोड भाकरीही दिली होती, ती तशीच ठेवून गेली. वय झालंय तिचं, उन्हाचा त्रास होतो.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

भेट पडद्यावर होते. आपण एका खोलीत, तो दुसऱ्या इमारतीत. चेहरा थांबतथांबत हलतो. त्याने मला पाहिलं आणि न सुजलेल्या बाजूने हसला.

"जेवतोस का?"

"पातळ काहीतरी देतात." दात न उघडता बोलत होता. "आई, ऐक. वेळ कमी आहे. काल हिरव्या गणवेशातला माणूस आला होता. मिग्राचा."

मिग्रावाले पूल दाखवतात. माणूस उचलायचा आणि पलीकडे नेऊन सोडायचा, एवढंच त्यांचं काम.

"तुझ्याकडे कशाला? तू तर इथला."

"तेच सांगितलं. इथे जन्मलो, आईच्या घरात. तो म्हणाला, मित्रा, तुझा पलीकडचा दाखला आमच्या हातात आहे, शिक्क्यानिशी. आई, तो यांना कुठून मिळाला? कुणी दिला?"

पडद्यावर त्याचा चेहरा थिजला होता, तोंड अर्धवट उघडं. बहुतेक यंत्र अडकलं होतं. पण मला वाटलं तो थांबलाय, माझ्या उत्तरासाठी.

"माहीत नाही रे, बाळा," मी म्हटलं.

तिथून मी खिडकीवर पळाले. म्हटलं, कागद परत द्या. त्रेविन्यो बाई म्हणाल्या, कागद तर कालच तुमच्या हातात दिला. मग ती प्रत फाडा, मी हातापाया पडते तुमच्या. त्या म्हणाल्या, "ती आता नोंदीत आहे, डोन्या. नोंद कुणाला फाडता येत नाही. मी तुम्हाला विचारलं होतं." असं म्हणताना त्या रडत होत्या. मला त्यांचाही राग आला. एवढं कळत होतं तर काच फोडून माझं तोंड का नाही दाबलंस, बाई?

घरी टेंचा दारातच बसली होती. तिला कालच कळलं होतं.

"हात दाखवून अवलक्षण केलंस गं लाला," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "मीही तोच कागद नेला असता."

सोमवार, १८ ऑगस्ट

पोलिसांनी उचललेल्या गाड्यांचं आवार शनिवार-रविवार बंद. आज उघडलं तेव्हा दारात पहिली मीच. ट्रक कुंपणाआडून दिसत होता, आतल्या फळीवर ठेवलेली कागदांची पिवळी पिशवीसुद्धा दिसत होती. तिथला माणूस म्हणाला, "मालकाला घेऊन या."

"मालक तुरुंगात आहे."

"मग त्याची सही आणा."

सहीसाठी तुरुंगावर जायचं म्हणून बसथांब्यावर उभं राहून यादी उघडली. आता मला टेंचाची गरज लागत नाही. वारोच्या नावापुढे लिहिलं होतं: सोडले.

सोडले! साहेबाला चूक कळली, त्रेविन्यो बाईंनी काहीतरी केलं, सान अंतोनिओने केलं, कुणीही करो. मी बसमध्ये अनोळखी बाईचा हात धरून सांगितलं, माझा पोरगा सुटला. घरी येऊन कोंबडीचा पातळ रस्सा टाकला, गाजर अगदी मऊ शिजवलं, त्याला चावायला नको. चादर बदलली. टेंचाला भिंतीवर थापा मारून बोलावलं.

ती आली, रश्श्याकडे पाहिलं. "लाला," ती म्हणाली, "कुणाच्या हातात सोडले ते नाही लिहीत."

"तू एक अपशकुनी मेली आहेस," मी म्हटलं. "दोन नवरे उगाच नाही गेले तुझे."

तीस-बत्तीस वर्षांच्या मैत्रीत मी तिला कधी असं बोलले नव्हते. ती माझ्याबरोबर दाराशी बसून राहिली. रस्सा निवला, परत तापवला.

फोन संध्याकाळी आला. नंबर पलीकडचा.

"आई, मी पुलाच्या या टोकाला आहे. एका बाईचा फोन आहे. मिग्रावाल्यांनी 'मी आपणहून पलीकडे जातो' अशा कागदावर सही घेतली. दाढ ठणकत होती, म्हणाले सही केलीस तर आज सुटशील."

मंगळवार, १९ ऑगस्ट

सकाळी पूल ओलांडला. डब्यात रस्सा, पर्समध्ये औषधं. वारो पलीकडच्या चौकातल्या बाकावर बसला होता, तुरुंगातून दिलेल्या कागदी पिशवीत बुटाच्या नाड्या. अंग तापलेलं. मी त्याला रस्सा भरवला, लहानपणी भरवायचे तसा, आणि तो भरवून घेत होता.

मग सांगितलं. "कागद मी दिला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुरुंगात असतानाच. दुसऱ्या कुणाकडे असणार? मला वाटलं, तू म्हणशील की चोरीला गेला." त्याने चमचा माझ्या हातातून घेतला. "रडू नकोस. सगळे बघतायत. इथे कुणाच्या नजरेत भरायचं नाही."

त्याने इकडेतिकडे पाहिलं तेव्हा मला दिसलं, तो घाबरलाय. एकतीस वर्षांत तो इथे दातांना आणि आजीच्या पुण्यतिथीला आलाय. हे गाव त्याला ओळखत नाही. आणि नवा, एकटा, तुरुंगाची पिशवी हातात असलेला माणूस इथे कुणाच्या लक्षात येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी म्हटलं, चल, सरळ पुलावर जाऊ. खरं ते सांगू. काय करतील?

रांगेत दोघं उभे राहिलो. खिडकीतला अधिकारी तरुण होता, स्पॅनिश आमच्यासारखीच बोलत होता. माझं कार्ड पाहिलं, मग वारोचं नाव टाकून पडदा पाहिला.

"बाई, हा मुलगा कुठे जन्मला?"

"माझ्या घरात. अलीकडे. मधल्या खोलीत."

"मग तुरुंगात पलीकडचा दाखला कुणी दिला?"

"मी."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

वारो म्हणाला, "साहेब, तिला नका विचारू."

"तेव्हा माझा पोरगा सापडत नव्हता," मी म्हटलं.

अधिकाऱ्याने पुन्हा एकदा पडदा पाहिला. वाईट माणूस नव्हता. त्याने माझं कार्ड फटीतून परत सरकवलं. "तुम्ही पुढे जा. हा मागे. दाखला असेल तर आणा, वकील करा. महिने लागतील."

मी म्हटलं, मीही मागेच जाते. वारोने ऐकलं नाही. माझ्याच पेनाने, माझ्या पाठीवर कागद ठेवून, आवारवाल्यासाठी सही केली. मला पाठीवर तिचं प्रत्येक वळण जाणवलं.

"तू इथे राहिलीस तर ट्रकमधलं कोण काढणार? जा. मी आजीच्या घरात राहतो."

"तिथे दाराला कडी नाही."

"बसवीन."

"कुणालाही दार उघडू नकोस. औषध पोटभर जेवून मग घे. एकट्याने चौकात बसू नकोस. फोन विकत घे आधी."

"हो, आई."

"आणि मला रोज कळव. रोज."

"हो. जा आता."

मी पुढे गेले. फिरकं फाटक एकाच बाजूला फिरतं. त्यातून गेल्यावर मागे पाहिलं तर तो जाळीपलीकडे उभा होता, एक हात गालावर, दुसऱ्या हाताने मला हुसकावत. मला ओरडून काहीतरी सांगायचं होतं, काय ते आठवेना. मागचे लोक म्हणाले, चला बाई, वाट अडलीय. मी चालू लागले.